पडद्याआडची एम.एस्सी.

पडदा निळ्या ताडपत्रीचा होता. नाटकाचा पडदा वर जातो, आमचा कडेला ढकलावा लागायचा, आणि ढकलताना तो असा करकरायचा की रांगेतल्या बायका हसून म्हणायच्या, "आली गं, डाक्टरीन आली." त्या पडद्याआड, वळ गावातल्या एका गोदामाच्या गेटाशी, मी एम.एस्सी. रसायनशास्त्र, पहिला वर्ग, ड्युटी संपवून घरी निघालेल्या बायकांची अंगझडती घ्यायची. हे सांगताना मला अजून मजा येते, कारण ऐकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं. पण मजा ही वरची साय. खाली दूध अजून उकळतंय, आणि हे प्रकरण मी त्या उकळीसाठीच लिहिते आहे. गोड आठवणी हव्या असतील त्यांनी सरळ पुढच्या प्रकरणावर जावं. तिथे माझं लग्न आहे.

गोदाम आमच्याच भातखाचरांवर उभं होतं. आमच्या भागात तेव्हा एक रीतच पडून गेली होती. ज्याची जमीन गोदामाखाली जाईल, त्याच्या घरातल्या एकाला तिथे नोकरी. घरातला एक म्हणजे मुलगा, हे सांगायची गरज नसायची. मला भाऊ नव्हता. म्हणून दलाल आमच्या ओटीवर मांडी घालून बसला, आईच्या हातचं खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण आणि तांदळाची भाकरी बोटं चाटून संपवली, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पोरगी शिकलेली हाय. आत बसेल, ऑफिसात, एसीत." बाबा खाडीवर जाळं टाकणारे आणि चार खाचरांचं भात काढणारे गृहस्थ. एसी त्यांनी फक्त भिवंडीच्या एका दवाखान्यात अनुभवला होता आणि तिथे त्यांना शिंका आल्या होत्या. पण ते वाक्य त्यांनी गावभर नेलं. पारावर, बंदरावर, हळदीच्या मांडवात. "माजी बाय ऑफिसात बसनार, एसीत." आईने तर मला एक स्वेटर विणून ठेवला.

खाचरं गेली आणि घराचे आवाज बदलले. आधी पावसाळ्यात बेडकांमुळे झोप यायची नाही, आता ट्रकमुळे. त्या काळी प्रत्येक ट्रक मागे येताना एक धून वाजवायचा, कुणाची आरती, कुणाचं सिनेमातलं गाणं, कुणाचं नुसतंच टुंईटुंई. आई चुलीपुढे बसून ओळखायची. "हा नाशकाचा आला. हा गुजरातवाला, याला मागं जाताच येत न्हाय." मीही त्या धुनी मोजत माझ्या नेमणुकीची वाट बघत होते. एकदाची नेमणूक आली.

गोदामात साबण, शाम्पू, तोंडाला लावायची क्रीमं यायची. गावातल्या आणि आतल्या पाड्यांवरच्या बायका मोठ्या शेडमध्ये बसून एका शाम्पूवर एक साबण फुकट असे जोड बांधायच्या. ऑफिसाच्या शेजारी काचेची एक खोली होती, तिला सँपल रूम म्हणत. आलेल्या मालाचे नमुने तिथे तपासून ठेवायचे. बीकर, थर्मामीटर, एक छोटी तागडी. ती खोली मी पहिल्या दिवशी बघितली आणि मनात तिथे खुर्ची टाकून बसलेसुद्धा. बाकी काही नको होतं मला. ती खुर्ची हवी होती. पण मॅनेजर साहेबांनी मला तिच्या समोरून चालवत पुढे नेलं, शेड ओलांडली, थेट गेटापर्यंत आणलं आणि ताडपत्री दाखवली. "फिलहाल लेडीज चेकिंग बघा. लोकल आहात, बायका तुमचं ऐकतील. सँपल रूमचं मग बघू."

हे साहेब मुंबईहून गाडीने यायचे आणि त्यांच्या आधी त्यांच्या सेंटचा वास यायचा, म्हणून बायका त्यांना सेंटवाला म्हणत. मीही तेच म्हणणार आहे. खरं नाव सांगण्याएवढा मान मी त्यांना देत नाही.

मग पावसाळा सरला आणि सँपल रूममध्ये एक मुलगा येऊन बसला. साधा बी.कॉम. तागडीवर त्याने स्वतःचा डबा ठेवला होता. मी तडक सेंटवाल्याच्या केबिनमध्ये गेले. ते फारच प्रेमाने बोलले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या पोस्टसाठी ओव्हरक्वालिफाइड आहात. दोन महिन्यांत कंटाळाल, सोडून जाल. कंपनीचं नुकसान."

"आणि गेटावर नाही कंटाळणार?"

"गेटावर शिक्षणाची अटच नाही," ते म्हणाले, "त्यामुळे ओव्हर होण्याचा प्रश्नच येत नाही."

वाचकहो, हे वाक्य परत एकदा वाचा. मी वीस वर्षं वाचते आहे. खुर्चीसाठी मी जास्त, चापट्या मारून कमरा तपासायला मी बरोबर! इतकं सुबक अन्यायी वाक्य मला नंतर कुणीच ऐकवलं नाही, आणि मी बरीच ऑफिसं बघितली आहेत.

आता ऐका माझे प्रताप. जास्त शिकलेल्या माणसाला कमी काम दिलं, की उरलेलं शिक्षण गप्प बसत नाही. भाताच्या पातेल्यातून पेज उतू जाते तसं ते झाकण उचलून बाहेर येतं आणि चूल विझवतं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला पांढरा ॲप्रन घालून ड्युटीवर गेले. कडक इस्त्रीचा, खिशाला पेन. त्या ॲप्रनमध्ये मी अंगझडती घ्यायचे आणि घेताना मोठ्या आवाजात मूलद्रव्यं म्हणायचे. "हायड्रोजन, हात वर. हेलियम, वळा. लिथियम, जा." बायकांना ते इतकं आवडलं की पाड्यावरच्या एकीने आपल्या नातवाला झोपवताना म्हणायला सुरुवात केली. नोटीस बोर्डावर सेंटवाल्याने लावलेल्या इंग्रजी सूचनांमधल्या चुका मी लाल पेनाने दुरुस्त करून खाली गुण द्यायचे. त्यांच्याशी बोलताना "माननीय महोदय" असं सुरू करून असं काही शुद्ध मराठी बोलायचे की त्यांना अर्ध्यावर हिंदीत पळावं लागे. गेटावरचे वॉचमन यादवजी मिशीत हसायचे. "बिटिया, नौकरी करने आई हो कि नौटंकी?" मी म्हणायचे, "जो मिलेगा यादवजी, वही करूंगी."

लोक म्हणतात, अशी माणसं घमेंडखोर होतात, कामाला तुच्छ लेखतात. झालेच मी घमेंडखोर. मान ताठ करून चालायचे, साहेबांचं "गुड मॉर्निंग" ऐकू आलं नाही असं दाखवायचे. पण ज्या हाताने मी त्या बायकांच्या कमरा चाचपायचे, तो हात मला घरी जेवताना नकोसा व्हायचा. त्या माझ्या काक्या होत्या, माम्या होत्या. एकीने मला लहानपणी पाजलेलं होतं. तुच्छता मला कामाबद्दल नव्हती. मला तिथे उभं करणाऱ्याबद्दल होती, आणि ती दाखवायला माझ्याकडे ॲप्रनाशिवाय दुसरं हत्यार नव्हतं. घरी आई विचारायची, "एसीत थंडी लागते का गं?" मी स्वेटर घालूनच निघायचे. बोलत काहीच नव्हते, काक्या-माम्यांनाही घरी बोलू नका अशी शपथ घातली होती, कारण बोलायला लागले असते तर घरावरचे पत्रे उडाले असते.

थंडीच्या दिवसांत क्रीमच्या ट्यूबा कमी भरू लागल्या. कुठे जात होत्या देव जाणे. ट्रकवाले होते, गोदामातले पुरुष होते, ऑफिस होतं. सेंटवाल्याचं बोट बायकांकडे गेलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, आणि खुर्ची दिल्याबरोबर मी सावध झाले. म्हणाले, "ट्यूब अंबाड्यात लपवतात. उद्यापासून सुटताना प्रत्येकीचे केस सोडायला लावायचे. मोकळ्या केसांनीच गेटाबाहेर. आणि मॅडम, हे शांतपणे पार पाडलंत, तर त्या मुलाला मी दुसरीकडे हलवतो. सँपल रूम तुमची. ओव्हरक्वालिफाइडचं मी बघून घेईन."

म्हणजे ते पडत्या पावसात छत्री दाखवत होते आणि छत्रीच्या काड्या माझ्या काक्यांच्या केसांच्या होत्या. आमच्याकडे दिवेलागणीला सवाष्ण केस सोडत नाही. केस मोकळे सोडून दाराबाहेर पडायचं ते फक्त मयताला. लांबून मोकळ्या केसांच्या बायका दिसल्या की माणूस चप्पल न घालता धावत सुटतो आणि वाटेत विचारतो, कोण गेलं? आणि बायकांची सुट्टी व्हायची ती नेमकी दिवेलागणीला. सेंटवाल्याला हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. ते हसले. "एम.एस्सी. होऊन तुम्ही हे मानता?"

बघा हं. गेटावर शिक्षण लागत नव्हतं, इथे मात्र लगेच लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रांगेत पहिल्या होत्या जानकी काकी, माझ्या सख्ख्या चुलती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज असा की गावात कुणी गेलं तर रडायला आधी काकींना हाक जायची. काकी रडल्या की दगडालाही मेलेल्याचे गुण आठवायचे. मी हुकूम सांगितला. काकींनी दोन्ही हातांनी अंबाडा धरला.

"दिव्याच्या वक्ताला? बाय, तुजा काका जिता हाय अजून. घरी खाटंवर बिडी वढतंय."

"मला माहीत आहे, काकी."

"मंग मना इधवेवानी भायेर काढतेस?"

मी कुणाचेही केस सोडले नाहीत. हायड्रोजन, हेलियम म्हणून सगळ्यांना जाऊ दिलं. पण सेंटवाला गाडीत बसून बघत होता. काच खाली करून म्हणाला, "उद्या मी स्वतः उभा राहीन. केस बांधून जी बाहेर पडेल, तिने परवा यायचं नाही. तुम्हीही."

घरी जाताना मी काकींना वाटेत गाठलं. मी म्हटलं, "काकी, साहेबाला मोकळे केस बघायचेत ना? पोटभर बघू दे. पण संध्याकाळी का? सकाळीच दाखवू." काकींच्या तोंडावर जे हसू आलं, तसं हसू मी पुढे फक्त बिलंदर पुढाऱ्यांच्या तोंडावर बघितलं. "आनि रडू बी?" त्यांनी विचारलं.

"ते तर लागेलच ना, काकी. मोकळ्या केसांनी हसून कसं चालेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाच्या गेटासमोर, धुळीत, सगळ्या बायका मोकळ्या केसांनी बसल्या होत्या. कुणी कपाळाला हात लावलेला, कुणी गुडघ्यात डोकं घातलेलं. मधोमध जानकी काकी. मी ॲप्रन घालून गेटाच्या खांबाला टेकून उभी, जणू डॉक्टरांनी हात टेकले आहेत. आणि काकींनी सूर लावला. "आरं माज्या सेंटाच्या बाटली, कुनाची रं नजर लागली! आरं माज्या गाडीच्या राजा, आता हारन कोन वाजवील!" बाकीच्या मागून "आई गं" ओढायच्या. त्यात पाड्यावरच्या एका म्हातारीला आपला खरा मेलेला मुलगा आठवला आणि ती खरंच रडू लागली, मग तिच्या शेजारची, मग पुढे कुठलं खरं आणि कुठलं खोटं ते मलाही कळेना. एवढा राग साठला होता त्या सगळ्यांत. त्याला निघायला वाट लागत होती.

ट्रक थांबले. धुनी बंद झाल्या. प्रेताच्या वाटेत गाडी घालायची नसते, हे गुजरातवाल्यालाही माहीत असतं. रस्त्याने जाणाऱ्या एका सायकलवाल्याने टोपी काढली आणि गावात सुसाट बातमी नेली. गोदामात कुणीतरी गेलं! कोण ते त्याने विचारलंच नव्हतं. मग जो तो हातातलं काम टाकून निघाला. दोघे म्हातारे येतानाच बांबू घेऊन आले, आपल्याकडून उशीर नको म्हणून. यादवजींनी बिडी विझवून हात जोडले आणि माझ्या कानात विचारलं, "बिटिया, किसका हुआ?"

"गाडी अभी आई नहीं है," मी म्हटलं.

गाडी आली. सेंटवाला खाली उतरला आणि रडणं जागच्या जागी थांबलं. काकींनी डोळे वर केले, छातीवर हात मारला आणि किंचाळल्या, "जिता हाय! देवा, माजा राजा जिता हाय!" बांबूवाले म्हातारे नाराज झाले.

इथवर माझी नौटंकी होती. यापुढचं मी लिहिलेलं नव्हतं. गर्दी फाटली आणि माझे बाबा आले. खाडीतून थेट, गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर जाळं, जाळ्यात दोन-तीन मासे अजून तडफडत होते. त्यांना कुणीतरी एवढंच सांगितलं होतं की गोदामात मयत झालंय. आणि गोदामात त्यांची एकच मुलगी होती. माझ्याजवळ येऊन त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, चिखल माझ्या गालाला लागला. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. ताडपत्री. तिच्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरांत "लेडीज चेकिंग" लिहिलं होतं. बाबांना वाचता येत नव्हतं, पण तिथे ठेवलेला माझा डबा त्यांना ओळखता आला.

"तू हितं बसतेस?"

"हो, बाबा."

"एसी?"

मी मान खाली घातली. सेंटवाल्याने ती संधी साधली. तो बाबांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे सगळं तुमच्या मुलीचं नाटक आहे. प्रॉब्लेम काय आहे सांगू? ती ओव्हरक्वालिफाइड आहे. अशा लोकांना असले उद्योग सुचतात."

बाबांनी मला विचारलं, "काय म्हनतान ते?"

"म्हणतात, मी जास्त शिकले."

बाबांनी जाळं खांद्यावरून काढून नीट जमिनीवर ठेवलं. मारामारीच्या आधी माणूस हात मोकळे करतो तसं. पण ते गोदामाकडे बघत होते, त्या टोकापासून या टोकापर्यंत, जिथे आमची खाचरं होती.

"सायेब," ते म्हणाले, "जमीन घेतलीत तवा कोनी बोलला न्हाय, जास्त होते म्हनून. बांधासकट घेतलीत. खळा बी घेतलात. काय बी जास्त झाला न्हाय तुमाला. आनि माजी पोर तेवडी जास्त झाली?"

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. ट्रकमधले ड्रायव्हर खाली उतरून उभे होते. काकींनी हळूच आपले केस गोळा केले आणि बांधले, आणि त्यांच्या मागे एकेक करून सगळ्यांनी बांधले. तशाच, अंबाडे बांधून, त्या गेटातून आत कामावर गेल्या. सेंटवाला बाजूला झाला. ट्रकांची रांग हायवेपर्यंत गेली होती, त्याला बाजूला व्हावंच लागलं.

केसांचा हुकूम त्या दिवशी मेला. संध्याकाळी मला परत केबिनमध्ये बोलावणं आलं, परत खुर्ची. "झालं गेलं विसरा," सेंटवाला म्हणाला. "उद्यापासून सँपल रूममध्ये बसा. वडिलांना सांगा, एसी आहे." काचेतून ती खोली दिसत होती. बीकर दिसत होते. मला ती अजूनही हवी होती, हे मी लपवणार नाही.

"आणि पडदा?" मी विचारलं.

"पडदा तर राहणारच. चेकिंगला बाई लागेल. ती रडणारी आहे ना, तुमची काकी? तिलाच बसवू. बायका तिचं ऐकतात. तुम्ही तिला दोन दिवस शिकवा."

आज माझी स्वतःची छोटी तपासणी प्रयोगशाळा आहे. तिथे मी नोकरीला माणसं घेते. कुणी फार शिकलेलं समोर आलं आणि माझ्याकडे तेवढं काम नसलं, तर मी म्हणते, माझं काम लहान आहे. त्याचं शिक्षण मोठं झालं, असं मी कधीही म्हणत नाही. हे एवढं एक मला त्या केबिनमध्ये शिकायला मिळालं. बाकी त्या खुर्चीत बसून मी जे म्हटलं, ते इथे छापता येणार नाही. माननीय महोदय या शब्दांनी सुरुवात केली होती, शेवट मात्र आमच्या बंदरावरच्या भाषेत झाला.

ॲप्रन काढून मी पडद्याच्या दोरीवर टांगला. गेटावर आले तेव्हा दिवे लागत होते. तिथे उभी राहून मी माझी वेणी सोडली, केस झटकून मोकळे केले. यादवजी घाबरून उठले. "अरे बिटिया, अब क्या हुआ?" मी बाहेर पडले. साऱ्या गावातून तशीच चालत गेले. दारादारांतून बायका बाहेर आल्या.

आईने मला अंगणात बघितलं आणि हातातला दिवा तुळशीपाशी तसाच ठेवला. बाबांनी तिला दुपारीच सगळं सांगितलं असावं. तिने मला मागच्या दारी नेलं, मयतावरून आलेल्या माणसाला घालतात तसं डोक्यावरून पाणी घातलं, गार, आणि कडुलिंबाची पानं आणून माझ्या जिभेवर ठेवली. मी चावली. मग तिने त्या स्वेटरनेच माझे केस पुसले. ओटीवर बाबा जाळ्याची फाटकी जागा शिवत बसले होते, आणि रस्त्यावर एक ट्रक धून वाजवत मागे मागे येत होता. आईने तो कुठला हे सांगितलं नाही.

तिने भाकरी आणि वांग्यातला जवळा वाढला. मी ताट सरकवलं. म्हटलं, मला भूक नाही, मला राग आलाय.

"म्हनूनच जेव," आई म्हणाली. "राग उपाशीपोटी टिकत न्हाय, बाय."

मी जेवले. दोन भाकऱ्या, वर आणखी अर्धी. टिकलाय.